सतरा वर्षांचे गणित: बी.ए. आणि एम.ए. मानसशास्त्र ‘एकत्र’ शिकण्याचा इतिहास, नामपूरहून पाहताना

बागलाणचे नाव निघाले की आपल्या या मालिकेत बहुधा साल्हेरची १६७२ ची लढाई येते, बागूल राजे येतात, मुल्हेरचा किल्ला येतो. आजचा धागाही त्याच मुलखातला, मोसम नदीकाठच्या नामपूरहून सुरू होणारा आहे. पण यात तलवार नाही. यात वेळापत्रके आहेत, आयोगांचे अहवाल आहेत आणि एक साधा वाटणारा प्रश्न आहे. नामपूरमधून बारावी झालेल्या एखाद्या मुलीला मानसशास्त्रात एम.ए. करायचे असेल, तर ‘पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र, एक वर्ष वाचवा’ या जाहिरातीवर तिने कितपत विश्वास ठेवावा?

हा प्रश्न करिअर मार्गदर्शनाचा वाटेल. माझ्या मते तो इतिहासाचा आहे, कारण ‘एक वर्ष वाचवा’ हे वाक्य ज्या देशात जन्मले तिथे ते खरे आहे आणि आपल्याकडे येताना त्याच्या खालची बेरीज बदलली आहे.

बेरीज आधी मांडतो. अमेरिकेत बारा वर्षे शाळा, चार वर्षे पदवी आणि साधारणपणे दोन वर्षे पदव्युत्तर, एकूण अठरा. तिथली विद्यापीठे पदवीच्या शेवटच्या वर्षात एम.ए.चे काही अभ्यासक्रम पुरे करू देतात आणि पुढची दोन वर्षे एकावर आणतात. चार अधिक एक. अठराची सतरा झाली, म्हणजे वर्ष खरोखर वाचले. आपल्याकडे बारा वर्षे शाळा, तीन वर्षे बी.ए., दोन वर्षे एम.ए.: सतरा. नव्या धोरणानुसार बारा, चार आणि एक: सतरा. पाच वर्षांचा सलग एकात्मिक अभ्यासक्रम घेतला तरी बारा आणि पाच: सतराच. कोणत्याही वाटेने गेलात तरी एम.ए.च्या दारात पोचायला लागणारी वर्षे तेवढीच. मग बदलते ते काय? बदलते ती दोन पदव्यांमधल्या सांध्याची जागा. हा सांधा कुठे पडतो यावर घरी राहून किती शिकता येईल आणि घर सोडून किती, हे ठरते. नामपूरसारख्या गावाच्या दृष्टीने सगळा इतिहास त्या सांध्याचा आहे.

आता मागे जाऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ च्या जुलैमध्ये स्थापन झाले. पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. मॅट्रिकनंतर तीन वर्षे. भांडारकर पुढच्याच वर्षी, १८६३ मध्ये, एम.ए. झाले. ‘एक वर्षाची एम.ए.’ ही २०२० च्या धोरणाची नवलाई म्हणून सांगितली जाते, पण तिचे उदाहरण आपल्या पहिल्याच तुकडीत सापडते.

अर्थात ती एम.ए. आजच्यासारखी नव्हती. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे राहिलेले हे विद्यापीठ परीक्षा घेत असे, शिकवणे महाविद्यालयांचे काम होते. एम.ए. म्हणजे स्वतः वाचून द्यायची एक कठीण परीक्षा. शिवाय ‘एम.ए.’ या अक्षरांचा अर्थ ब्रिटनमध्येही एकच नव्हता. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत ती चार वर्षांनी मिळणारी पहिलीच पदवी होती आणि आजही आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये तर बी.ए. होऊन ठरावीक काळ लोटला की परीक्षेवाचून एम.ए. मिळते. (आपल्या विद्यार्थी संघटनांनी ही मागणी अजून कशी केली नाही, याचे मला नवल वाटते.) सांगायचे एवढेच की बी.ए. आणि एम.ए. यांच्यातले अंतर निसर्गाने ठरवलेले नाही. ते माणसांनी ठरवले आणि वारंवार बदलले.

बदलले ते कसे, हे चरित्रांतून सहज दिसते. गोपाळ कृष्ण गोखले १८८१ मध्ये मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये बी.ए. म्हणजे अजून तीनच वर्षे. आपल्याच जिल्ह्यातल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०२ च्या जानेवारीत फर्ग्युसनमध्ये दाखल झाले आणि १९०५ च्या अखेरीस बी.ए. झाले. तोवर पदवी चार वर्षांची झाली होती. सावरकरांना त्यासाठी पुण्याला जावे लागले, हेही इथे नोंदवून ठेवू. नाशिकमध्ये आज ज्याला आपण एच.पी.टी. म्हणतो ते महाविद्यालय १९२४ चे. मालेगावचे महाराजा सयाजीराव गायकवाड महाविद्यालय १९५९ चे. नामपूरच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालय पुण्याहून नाशिकला, नाशिकहून मालेगावला आणि पुढे गावात असे टप्प्याटप्प्याने जवळ येत गेले. या प्रवासाला जवळपास शतक लागले.

दरम्यान आयोगांमागून आयोग आले. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ मध्ये सुचवले की इंटरमिजिएटची दोन वर्षे विद्यापीठापासून वेगळी करावीत आणि त्यानंतर तीन वर्षांची पदवी असावी. दिल्ली विद्यापीठाने १९४३ मध्ये तीन वर्षांची पदवी स्वीकारली. डॉ. राधाकृष्णन यांच्या आयोगाने १९४९ मध्ये बारा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर तीन वर्षांची पदवी हेच सूत्र मांडले. शेवटी कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध देशापुढे ठेवला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे. आपल्या शैक्षणिक आयुष्याचा साचा ज्यांनी कागदावर उतरवला त्यांत एक मराठी माणूस मध्यभागी होता, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

महाराष्ट्रात हा आकृतिबंध १९७० च्या दशकात आला. त्याआधी अकरावीला मॅट्रिक आणि पुढे महाविद्यालयाची चार वर्षे होती. आपल्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी ‘इंटर’, ‘ज्युनिअर बी.ए.’, ‘सीनिअर बी.ए.’ हे शब्द आहेत ते त्यामुळे. अकरा आणि चार मिळून पंधरा. नव्या रचनेत दहा, दोन आणि तीन मिळून पुन्हा पंधराच. वरवर पाहता काहीच घडले नाही. पण ग्रामीण भागात याचा परिणाम मोठा झाला. पूर्वी मॅट्रिकनंतरचे पहिलेच वर्ष महाविद्यालयाचे होते आणि त्यासाठी घर सोडावे लागे. आता अकरावी-बारावीचे वर्ग ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणून गावोगावच्या माध्यमिक शाळांना जोडता येऊ लागले. एकूण वर्षे तीच राहिली, सांधा मात्र वर्षभराने पुढे सरकला, आणि ते वर्ष गावाच्या पदरात पडले. ज्या घरांत मुलीला पंधराव्या-सोळाव्या वर्षी परगावी ठेवणे अशक्य होते, तिथे या एका वर्षाचे मोल काय असेल याची कल्पना करा. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आपण शाळा काढणाऱ्यांची नावे घेतो आणि ते योग्यच आहे. आकृतिबंध बदलणारा शासननिर्णयही त्या इतिहासाचा भाग आहे, असे मला वाटते.

इथवर विषय पदव्यांच्या लांबीचा झाला. मानसशास्त्र यात वेगळे का ठरते? कारण हा विषय आपल्याकडे उलट्या दिशेने आला. बहुतेक विषय शाळेतून महाविद्यालयात आणि तिथून एम.ए.पर्यंत चढले. मानसशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून आधी एम.ए.ला अवतरले आणि मग हळूहळू खाली उतरले.

एकोणिसाव्या शतकात ते तत्त्वज्ञानाच्या घरात राहत होते. ‘लॉजिक आणि मॉरल फिलॉसफी’ शिकवणारे प्राध्यापकच मनाच्या व्यापारांविषयी बोलत. ब्रिटनमध्ये अ‍ॅबर्डीनचे अलेक्झांडर बेन हे या परंपरेतले मोठे नाव. त्यांनी १८७६ मध्ये ‘माइंड’ हे नियतकालिक सुरू केले. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा उघडली आणि मनाचा अभ्यास आरामखुर्चीतून उठून उपकरणांपाशी आला.

भारतात ही प्रयोगशाळा कलकत्त्याला आली. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला. १९१६ मध्ये विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुख होते हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याबरोबर काम करून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता. विभाग पदव्युत्तर होता, त्यामुळे त्यात येणारे विद्यार्थी अन्य विषयांतून आलेले असणे स्वाभाविक होते. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे गिरींद्रशेखर बोस. हे आधी डॉक्टर झाले, १९१७ मध्ये मानसशास्त्रात एम.एस्सी. झाले, १९२१ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. पुढे सील म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९२४ मध्ये तिथेही मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. एका तत्त्वज्ञाने दोन विद्यापीठांत एका नव्या विज्ञानासाठी जागा करून दिली, ही गोष्ट स्वतंत्र धाग्याच्या योग्यतेची आहे. ती पुन्हा केव्हातरी सांगेन.

मराठी मुलखाला वाट पाहावी लागली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू. नाशिक जिल्हा मुंबईच्या कक्षेतून या नव्या विद्यापीठाकडे आला. पुढच्याच वर्षी तिथे प्रा. कोठूरकर यांच्या नेतृत्वाखाली विभाग सुरू झाला तो ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ या नावाने. दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठात विभाग निघाला त्याचे नाव ‘उपयोजित मानसशास्त्र’. नावांतला हा फरक सूचक आहे. पुण्याला विषयाचे शास्त्रपण सिद्ध करायचे होते, तर मुंबईला गिरण्या, कारखाने आणि रुग्णालये समोर दिसत होती. पुण्यातच मानसशास्त्राचे अभ्यासक डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. बुद्धिमान मुलांना त्यांच्या गतीने पुढे जाऊ द्यावे, हा विचार महाराष्ट्रात संस्थात्मक रूपात आला तो तिथे. आज ज्याला ‘प्रवेगी’ शिक्षण म्हणतात त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

‘प्रायोगिक’ या शब्दाची किंमत ग्रामीण महाविद्यालयांना मोजावी लागली. इतिहास शिकवायला वर्ग, फळा आणि ग्रंथालय पुरते. (आमच्या विषयाचा हा एकमेव आर्थिक लाभ!) मानसशास्त्र ‘स्पेशल’ला घ्यायचे तर प्रयोगशाळा लागते. म्यूलर-लायर भ्रमाची पट्टी, आरशातून रेखाटन करण्याचे उपकरण, स्मृतिचक्र, बुद्धिमापनाच्या चाचण्यांचे संच आणि हे सारे हाताळू शकणारा शिक्षक. पुणे विद्यापीठातून बी.ए. झालेल्यांना जी-१, जी-२, एस-१, एस-२ ही भाषा पाठ असते. पहिल्या वर्षी सामान्य स्तरावर विषय घ्यायचा, दुसऱ्या वर्षापासून एका विषयाची विशेष स्तरावर निवड करायची. पण आपल्या महाविद्यालयात जो विषय स्पेशलला उपलब्ध असेल तोच निवडता येतो. कितीतरी जणांची ‘आवड’ अशी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकाने ठरवली आहे. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल यांच्या रांगेत मानसशास्त्र प्रत्येक ठिकाणी नसते.

आता मध्येच एक वळण घेतो, कारण ‘वेग’ या शब्दाचा अर्थ समजायला त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये मुंबईहून बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती मोजक्या वर्षांची होती, म्हणून वेळ हीच त्यांची सर्वांत मोठी अडचण होती. त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचे अभ्यासक्रम झपाट्याने घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाली. १९१६ मध्ये ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी एकाच वेळी नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने परतावे लागले. जाताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. १९२० मध्ये ते परतले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

यात दोन गोष्टी आहेत. एक, दोन पदव्यांचे काम एकमेकांवर रचून पुढे जाण्याची निकड त्यांना हौसेने भासली नव्हती, पैसे संपणार होते म्हणून भासली. दुसरी, त्यांना वाचवले ते वेगाइतकेच मधे थांबून परत येण्याच्या मुभेने. आज आपण ज्याला ‘बहुप्रवेश-बहुनिर्गमन’ म्हणतो आणि ज्यासाठी २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली, त्याचे वैयक्तिक रूप १९१७ च्या त्या परवानगीत दिसते. फरक एवढाच की ती एका असामान्य विद्यार्थ्याने मागून घेतली होती.

आता २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. त्याआधी दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली होती आणि वर्षभरातच, २०१४ मध्ये, ती मागे घ्यावी लागली होती. धोरणाने ती कल्पना पुन्हा आणली, पण पर्याय म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. चार वर्षे केलेल्याला एम.ए. एका वर्षाची, तीन वर्षे केलेल्याला दोन वर्षांची. २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याने हे अधिक स्पष्ट केले आणि पदवीचा विषय वेगळा असला तरी प्रवेशपरीक्षा देऊन एम.ए.ला विषय बदलण्याची मुभाही दिली. १९१६ च्या कलकत्त्यासारखी, अन्य विषयांतून मानसशास्त्रात शिरण्याची वाट त्यामुळे पुन्हा मोकळी झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोगाने खऱ्या अर्थाने ‘प्रवेगी’ म्हणता येईल अशी योजनाही मंजूर केली. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर महाविद्यालयाची समिती विद्यार्थ्याची क्षमता तपासेल. निवडलेल्यांना दर सत्रात जादा श्रेयांक घेऊन तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत, चार वर्षांची सहा किंवा सात सत्रांत पुरी करता येईल. यासाठी प्रवेशसंख्येच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. याच्या जोडीला उलट सोयही आहे: जास्तीत जास्त दोन सत्रे लांबवून पदवी घेण्याची. वृत्तपत्रांनी मथळे पहिल्या सोयीला दिले. मला नामपूरच्या दृष्टीने दुसरी अधिक महत्त्वाची वाटते. उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलच्या सुमारास येते आणि नेमकी तेव्हाच दुसऱ्या सत्राची परीक्षा जवळ आलेली असते. ज्या घरात मजूर मिळेनासे झाले की मुलेच शेतात उतरतात, तिथे जादा श्रेयांक घेण्याची भाषा परकी वाटते. कमी श्रेयांक घेऊनही नाव टिकवता येणे ही तिथली गरज आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वर म्हटल्याप्रमाणे १९७० च्या दशकात सांधा सरकला आणि एक वर्ष गावाकडे आले. चार अधिक एक या रचनेत पुन्हा तसेच घडू शकते. एम.ए.चे जे पहिले वर्ष आजवर पुण्यात किंवा नाशिकमध्ये काढावे लागे, ते पदवीचे चौथे वर्ष म्हणून स्थानिक महाविद्यालयातच मिळू शकते. मग परगावी राहण्याचा खर्च एका वर्षाचा. वसतिगृह, खानावळ, एस.टी.चे भाडे यांचा हिशेब ज्यांनी केला आहे त्यांना हे वर्ष किती मोठे आहे ते सांगावे लागणार नाही. कागदावर ही रचना ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाजूची आहे, आणि असे सरसकट कुठे म्हटले जात नाही याचे मला आश्चर्य वाटते.

परंतु चौथे वर्ष हवेत उभे राहत नाही. संशोधनासह ऑनर्ससाठी मार्गदर्शक म्हणून मान्यताप्राप्त प्राध्यापक लागतात, मानसशास्त्रासाठी त्यावर प्रयोगशाळा लागते. एखाद्या महाविद्यालयात विषयाची दारे तिसऱ्या वर्षालाच बंद होत असतील, तर तिथल्या विद्यार्थ्यासमोर जुनी तीन अधिक दोन हीच वाट उरते. वर्षे तितकीच, पण त्यांतली दोन परगावी. शहरातल्या विद्यार्थ्याला दोन्ही वाटा मोकळ्या आणि गावातल्याला एक, अशी ही विभागणी होण्याची शक्यता आहे. १९७० च्या दशकातला बदल गावाला लाभला, कारण अकरावी-बारावीचे वर्ग शाळांना जोडणे तुलनेने सोपे होते. ऑनर्सचे वर्ष तसे जोडता येत नाही.

मानसशास्त्राच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो एम.ए.च्या पलीकडे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठीची रूढ वाट म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांची एम.फिल., म्हणजे बेरीज एकोणीस वर्षांची. नव्या धोरणाने एम.फिल. ही पदवीच रद्द केली. चिकित्सालयीन मानसशास्त्रापुरती तिला २०२५-२६ पर्यंत सवलत दिली गेली. दरम्यान परिषदेने चार वर्षांची स्वतंत्र ऑनर्स पदवी आणि त्यापुढचे टप्पे आखले. त्यामुळे ‘पाच वर्षांत मानसशास्त्रज्ञ व्हा’ अशा आशयाची कोणतीही जाहिरात वाचताना आधी विचारावे, नेमके कोणते मानसशास्त्रज्ञ? समुपदेशन, संशोधन, अध्यापन, मनुष्यबळ विकास यांना एम.ए. उपयोगी आहे. रुग्णावर उपचार करण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कोणत्याही एकात्मिक एम.ए.तून आपोआप मिळत नाही.

आणि घरबसल्या शिकण्याची वाट? दूरस्थ शिक्षणासाठी आपल्या जिल्ह्याचे स्थान खास आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते नाशिकलाच. मानसशास्त्राच्या दूरस्थ एम.ए.साठी देशभरातले विद्यार्थी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे जात. लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या, शेती सांभाळणाऱ्या कितीतरी जणांसाठी तीच वाट होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अनुदान आयोगाने २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याचा आधार घेत मानसशास्त्रासह काही विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश त्या वर्षाच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवले. गुणवत्तेच्या अंगाने या निर्णयामागचा तर्क समजतो. प्रात्यक्षिकांवाचून मन हाताळायला शिकवणे धोक्याचे आहे. पण प्रयोगशाळा असलेली महाविद्यालये जवळ आणण्याआधी ही वाट बंद झाली, हा क्रम मला चुकीचा वाटतो. १९७० च्या दशकात आधी शाळांत वर्ग निघाले, मग मॅट्रिकनंतरचे महाविद्यालयीन वर्ष गेले असे झाले असते का, ते मी सांगत नाही. तेव्हा दोन्ही गोष्टी निदान एकाच निर्णयाच्या पोटात होत्या.

तेव्हा नामपूरच्या त्या मुलीने काय विचारावे? महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत: मानसशास्त्र स्पेशलला आहे का, चौथ्या वर्षाला त्याच विषयात ऑनर्स मिळेल का, आणि मधे सोडले तर आतापर्यंतचे श्रेयांक खात्यावर जमा झालेले दिसतात का. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर जवळच्या मोठ्या गावातले महाविद्यालय बारावीनंतर लगेच पाहणे शहाणपणाचे, कारण मग घर सोडायचेच आहे तर ते विषयासाठी सोडावे.

महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांमध्ये नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेल्यांची तीन वर्षे २०२७ च्या उन्हाळ्यात पुरी होतील, ऑनर्सचे वर्ष २०२८ मध्ये आणि एका वर्षाची एम.ए. २०२९ मध्ये. भांडारकरांच्या एक वर्षाच्या एम.ए.ला तेव्हा १६६ वर्षे झालेली असतील. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या तालुक्यांतल्या कोणत्या महाविद्यालयांच्या फलकावर ‘मानसशास्त्र, चौथे वर्ष’ असे लिहिलेले असेल, ते २०२७ च्या जूनमध्ये दिसेल.